शेतीच्या कोणत्या वाहनाला पासिंग लागत नाही? बैलगाडीपासून ट्रॉलीपर्यंत

"शेतीच्या वाहनाला पासिंग लागत नाही" हे वाक्य रावेर-यावलच्या केळीपट्ट्यापासून साक्री-शिंदखेड्याच्या कोरडवाहू शिवारापर्यंत सगळीकडे ऐकू येते. ते अर्धेच खरे आहे. बैलगाडीला पासिंग लागत नाही, हातगाडीला लागत नाही, ठरावीक मर्यादेतल्या ई-सायकलला लागत नाही. ट्रॅक्टरला मात्र लागते, आणि ट्रॅक्टरच्या मागच्या ट्रॉलीला तिचे स्वतःचे वेगळे लागते. कायदा वाहन कशासाठी वापरता हे नोंदणीच्या वेळी विचारत नाही, वाहन कोणत्या जातीचे आहे ते विचारतो. ही एक गोष्ट नीट समजली नाही तर अपघातानंतर भरपाईचा आकडा सातबाऱ्यापर्यंत येतो. म्हणून हा विषय पिकाच्या माहितीइतकाच सविस्तर पाहू.

कायदा रेघ कुठे ओढतो

देशात मोटार वाहन अधिनियम १९८८ लागू आहे. तो १ जुलै १९८९ पासून अमलात आला. त्याच्या कलम २(२८) मध्ये मोटार वाहनाची व्याख्या आहे: यांत्रिक शक्तीवर चालणारे आणि रस्त्यावर वापरण्याजोगे कोणतेही वाहन. शक्ती आतल्या इंजिनाची असो की बाहेरची, डिझेलची असो की बॅटरीची. बॉडी न बसवलेली चासी यात येते. आणि ट्रेलरही यात येतो, हे त्याच वाक्यात लिहिलेले आहे.

व्याख्येतून बाहेर काढलेली वाहने तीनच प्रकारची आहेत. पहिली, रुळावर चालणारी; भुसावळ यार्डातले इंजिन आरटीओकडे जात नाही ते यामुळे. दुसरी, केवळ कारखान्यात किंवा कुंपणाच्या आतल्या जागेत वापरण्यासाठीच बनवलेली खास वाहने. तिसरी, चारपेक्षा कमी चाके आणि २५ सीसीपर्यंतचे इंजिन असलेली. आपली जुनी लुना सुमारे ५० सीसीची होती, त्यामुळे ती कधीच या सवलतीत नव्हती, हे अनेकांना आजही पटत नाही.

या यादीत "शेतीसाठी वापरले जाणारे" असा शब्द कुठेही नाही. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत शेतीच्या ट्रॅक्टरला आणि ओढत नेण्याच्या अवजारांना नोंदणीतून सूट आहे. तिथले व्हिडिओ पाहून कोणी आपल्याकडेही तसेच असल्याचे सांगत असेल तर ते चूक आहे.

"माझा ट्रॅक्टर शेताबाहेर जातच नाही"

हा युक्तिवाद सर्वात जास्त ऐकायला मिळतो, म्हणून तीन कलमे शेजारी ठेवून वाचायला हवीत.

नोंदणीचे कलम ३९ म्हणते की नोंदणी नसलेले मोटार वाहन सार्वजनिक ठिकाणी "किंवा इतर कोणत्याही ठिकाणी" चालवायचे नाही, मालकाने चालवू द्यायचे नाही. म्हणजे ट्रॅक्टर स्वतःच्या बांधाच्या आत राहिला तरी नोंदणी हवीच. लायसन्सचे कलम ३ आणि विम्याचे कलम १४६ मात्र फक्त "सार्वजनिक ठिकाणी" चालवण्याबद्दल बोलतात. शेताच्या आत नांगरणी करणाऱ्याला लायसन्स नसले तर कलम ३ चा भंग होत नाही. तोच ट्रॅक्टर बांध ओलांडून रस्त्यावर आला की होतो.

आता सार्वजनिक ठिकाण म्हणजे काय? लोकांना जाण्यायेण्याचा हक्क आहे अशी कोणतीही वाट किंवा जागा. डांबरी रस्ताच असला पाहिजे असे नाही. दोन गावांमधला शिवरस्ता, पाणंद, गाडीवाट, बाजार समितीचे आवार ही सगळी ठिकाणे त्यात बसतात. आपल्याकडे घर गावठाणात आणि शेत दोन-तीन किलोमीटरवर, अशी स्थिती असते. रस्त्यावर न येता शेतात पोहोचणारा ट्रॅक्टर जळगाव-धुळ्यात शोधावाच लागेल.

बैलगाडी: नोंदणी नाही, पण नियम आहेत

बैलगाडी, छकडा, दमणी, रबरी टायरची डनलॉप गाडी यांना इंजिन नाही. त्यामुळे मोटार वाहन कायद्याची नोंदणी, चालकाचे लायसन्स, सक्तीचा विमा यांपैकी काहीही लागत नाही. सायकललाही नाही. पूर्वी नगरपालिका सायकलींना पितळी बिल्ले देत असत, तो स्थानिक कराचा भाग होता. जनावरांनी ओढायच्या गाड्यांवर आणि सायकलींवर कर बसवण्याचा अधिकार ग्रामपंचायतीला १९५८ च्या कायद्याने दिलेला आहे, पण त्याचा आरटीओशी संबंध नाही.

सूट आहे ती कागदांतून, जबाबदारीतून नाही. रस्त्यावर निष्काळजीपणे वाहन हाकण्याचा गुन्हा (भारतीय न्याय संहितेचे कलम २८१, पूर्वीचे भादंवि २७९) "कोणत्याही वाहनाला" लागू आहे, फक्त मोटारीला नाही. रात्री जिनिंगकडे कापूस घेऊन चाललेली, मागे ना कंदील ना रिफ्लेक्टर अशी गाडी ट्रकच्या धडकेत सापडली, तर ट्रकच्या विमा कंपनीचा वकील पहिला मुद्दा तोच मांडतो: गाडी दिसतच नव्हती. भरपाईतून तेवढा वाटा कापला जाऊ शकतो. लाल रिफ्लेक्टर पट्टीचा तुकडा साटीच्या मागे, आणि एक जू-धुरेच्या बाजूला, एवढा खर्च कोणालाही परवडतो.

उलट बाजूही लक्षात ठेवावी. मोटार वाहनाच्या धडकेत बैल मेला किंवा गाडी मोडली तर तोही "मालमत्तेचे नुकसान" म्हणून मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात मागता येतो. त्यासाठी पोलीस पंचनामा आणि पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा शवविच्छेदन अहवाल त्याच दिवशी करून घ्यावा. बैल पुरून टाकल्यावर दुसऱ्या दिवशी काही सिद्ध करता येत नाही.

आणखी एक नियम खानदेशासाठी जणू मुद्दाम लिहिल्यासारखा आहे. ओझे वाहणाऱ्या जनावरांबाबतच्या १९६५ च्या केंद्रीय नियमांनुसार जनावराकडून दिवसात एकूण ९ तासांपेक्षा जास्त, आणि विश्रांतीशिवाय सलग ५ तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही. तापमान ३७ अंश सेल्सियसच्या वर असेल तर दुपारी १२ ते ३ या वेळात जनावर जुंपताच येत नाही. जळगाव-भुसावळकडे मार्चच्या शेवटापासून जूनपर्यंत बहुतेक दुपारी पारा त्याच्या वरच असतो. त्याच नियमांत बैलाच्या आकारमानानुसार आणि चाक लोखंडी धावेचे, रबरी टायरचे की बेअरिंगचे यानुसार ओझ्याची मर्यादाही ठरवलेली आहे. आपले जुने शेतकरी उन्हाळ्यात पहाटे गाडी जुंपून अकराच्या आत सोडत, ते नियम वाचून नव्हे.

ट्रॅक्टर: नोंदणी आहे, बऱ्याच गोष्टींतून सूटही आहे

गैरसमजाचे मूळ बहुधा इथे आहे. शेतीच्या ट्रॅक्टरला बऱ्याच सवलती आहेत, आणि त्या सवलतींची गोळाबेरीज लोकांच्या बोलण्यात "पासिंग लागत नाही" अशी होते.

केंद्र सरकारच्या ५ नोव्हेंबर २००४ च्या अधिसूचनेत वाहनांची दोन याद्यांत विभागणी आहे: वाहतुकीची आणि बिगर-वाहतुकीची. शेतीचा ट्रॅक्टर आणि पॉवर टिलर बिगर-वाहतूक यादीत आहेत. त्यामुळे खासगी मोटारीसारखी १५ वर्षांची नोंदणी मिळते, पुढे दर ५ वर्षांनी नूतनीकरण. ट्रकसारखे ठरावीक मुदतीने फिटनेस प्रमाणपत्र लागत नाही, परमिट लागत नाही. राष्ट्रीय महामार्गाच्या टोलनाक्यावर ट्रॅक्टरला आणि बैलगाडीला पथकर नाही. पण त्याच नियमात असेही आहे की सेवा रस्ता किंवा पर्यायी रस्ता उपलब्ध असेल तिथे ट्रॅक्टर, हार्वेस्टर आणि बैलगाडीने मुख्य मार्ग वापरायचा नाही. धुळ्याजवळ मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग एकमेकांना छेदतात. तिथे हा भाग जीव वाचवण्यासाठीसुद्धा पाळावा.

कर हा राज्याचा विषय आहे आणि नोंदणी केंद्रीय कायद्याची. करात सवलत मिळाली म्हणजे नोंदणी माफ झाली असे होत नाही.

लायसन्सचा प्रश्न आता सोपा आहे. हलके मोटार वाहन म्हणजे एलएमव्ही या वर्गाच्या व्याख्येतच ट्रॅक्टर आहे, अट एवढीच की रिकामे वजन ७,५०० किलोपेक्षा जास्त नसावे. आपल्याकडचा कोणताही शेती ट्रॅक्टर त्याच्या खूप खाली असतो. ट्रॅक्टर चालवण्याचे लायसन्स असलेल्याने मागे ट्रॉली जोडली म्हणून ते लायसन्स निरुपयोगी ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये सांगितले. एलएमव्ही लायसन्सवर त्या वजनाच्या आतले वाहतुकीचे वाहनही चालवता येते, हे २०१७ च्या निकालाने स्पष्ट झाले आणि ६ नोव्हेंबर २०२४ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ते कायम केले. म्हणजे मोटार चालवण्याचे लायसन्स असलेला मुलगा ट्रॅक्टरही चालवू शकतो.

अडचण येते ती लायसन्स नसलेल्या चालकाची. सालदाराच्या हाती ट्रॅक्टर देताना त्याचे लायसन्स पाहिले जात नाही. विनालायसन्स चालकाला ५,००० रुपये दंड आहे, आणि ज्याने चालवू दिला त्या मालकालाही कलम १८० खाली ५,०००. चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा रस्त्यावर ट्रॅक्टर चालवताना सापडला तर २०१९ च्या दुरुस्तीनंतरचे कलम १९९-अ लागते: पालक किंवा मालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, वाहनाची नोंदणी १२ महिने रद्द. शेतात वखरणी शिकवायला हरकत नाही. बाजार समितीत मका घेऊन त्याला पाठवायचे नाही.

ट्रॉली: सगळ्यात कच्चा दुवा

शोरूममधून घेतलेल्या ट्रॅक्टरचे पासिंग बहुधा झालेलेच असते, कारण कर्ज देणारी बँक आरसी मागते. ट्रॉलीचे तसे नाही. ती गावाजवळच्या वेल्डिंगच्या दुकानात बनते, रोखीने घेतली जाते, आणि वर्षानुवर्षे क्रमांकाविना धावते.

वर सांगितल्याप्रमाणे ट्रेलर हे कायद्याने स्वतंत्र मोटार वाहन आहे. त्याला स्वतःचा नोंदणी क्रमांक लागतो आणि कलम ६१ नुसार तो ट्रॉलीच्या बाजूवर दिसला पाहिजे. शिवाय ज्या ट्रॅक्टरने ट्रॉली ओढली जात आहे त्याचा क्रमांक ट्रॉलीच्या मागे लावावा लागतो, कारण मागून येणाऱ्याला ट्रॅक्टरची पाटी दिसत नाही. दोन ट्रॉल्या असतील तर शेवटच्या ट्रॉलीवर. शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरला आपली ट्रॉली जोडली की मागची पाटी बदलायला हवी. हे कोणी करत नाही, आणि अपघातानंतर नेमका हाच घोळ होतो: ट्रॅक्टर एकाचा, ट्रॉली दुसऱ्याची, विमा फक्त ट्रॅक्टरचा.

ट्रॅक्टरची पॉलिसी घेताना ट्रॉलीचा उल्लेख तीत स्वतंत्रपणे, तिच्या क्रमांकासह करून घ्यावा. ट्रॉलीसाठी वेगळा हप्ता असतो, तो फार नसतो. पॉलिसीवर "केवळ शेतीकामासाठी" असे लिहिलेले असेल तर त्याचा अर्थ काटेकोर घेतला जातो. २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर असेच एक प्रकरण आले होते. विटभट्टीसाठी माती वाहणाऱ्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरचा मजूर जखमी झाला. माती खणून भट्टीवर नेणे हे शेतीकाम नाही आणि विमा कंपनी जबाबदार नाही, असे न्यायालयाने म्हटले. मजूर गरीब म्हणून विशेष अधिकार वापरून कंपनीला आधी पैसे द्यायला आणि मग मालकाकडून वसूल करायला सांगितले. ट्रॅक्टर-ट्रॉलीने भाड्याने माल वाहिला तर ते मालवाहू वाहन ठरते आणि परमिटचा प्रश्न येतो, हेही २००५ मध्ये त्याच न्यायालयाने ठरवले आहे. स्वतःच्या केळीचे घड रस्त्यापर्यंत आणणे वेगळे, गिरणेची वाळू किंवा व्यापाऱ्याची खडी भाड्याने वाहणे वेगळे. वाळूच्या बाबतीत महसूल खात्याची कारवाई असते ती निराळीच.

मजूर ट्रॉलीत बसवून नेण्याची सवय कापूस वेचणीच्या दिवसांत सर्वत्र दिसते. लग्नसराईत वऱ्हाडही असेच निघते. ट्रॉलीत प्रवाशांसाठी जागा नाही, ट्रॅक्टरच्या मडगार्डवरही नाही. तिथे बसलेल्या माणसाला काही झाले तर विमा कंपनीचे पहिले उत्तर नकाराचेच असते.

नकार आल्यावर काय होते, ते स्पष्ट लिहिलेले बरे. न्यायाधिकरणाने ठरवलेली रक्कम ज्याच्याकडून येणे आहे ती कलम १७४ खाली जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करता येते. कमावत्या माणसाच्या मृत्यूची भरपाई लाखांत असते. ती जमीन विकूनच भरण्याची वेळ येऊ शकते.

नोंदणी नसली तर स्वतःच्या नुकसानीचा दावाही जातो. तात्पुरत्या नोंदणीची मुदत संपल्यावर अपघात झालेल्या वाहनाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितले की नोंदणी नसताना वाहन रस्त्यावर आणणे हा पॉलिसीच्या अटींचा मूलभूत भंग आहे. त्यापुढे कलम १९२ चा दंड (पहिल्या वेळी २,००० ते ५,००० रुपये, पुन्हा सापडल्यास १०,००० पर्यंत दंड किंवा वर्षभरापर्यंत कैद, किंवा दोन्ही) किरकोळ वाटतो.

पॉवर टिलर, वीडर आणि जुगाड

मागे चालत हाताने धरायचा छोटा पॉवर वीडर हा रस्त्यावर चालण्यासाठी बनलेला नाही. तो पिकअपमध्ये टाकून शेतात नेतात. त्याला नोंदणीची गरज पडत नाही. ब्रश कटर, पाठीवरचा पंप, चॅफ कटर ही तर वाहनेच नाहीत. तीन-बिंदू जोडणीवर उचललेला नांगर, रोटाव्हेटर किंवा पेरणी यंत्र ट्रॅक्टरचा भाग बनून जाते, त्यालाही वेगळा क्रमांक नाही.

पॉवर टिलरचे थोडे वेगळे आहे. नियमांतल्या व्याख्येप्रमाणे तो एका आसाचे मशागतीचे यंत्र आहे. ट्रेलर जोडल्यावर त्याचा वेग ताशी २२ किमीपेक्षा आणि ओढायचा भार दीड टनापेक्षा जास्त नसावा. सीट आणि ट्रेलर लावून तो रस्त्याने हाकायचा असेल तर तो मोटार वाहन आहे, नोंदणी आणि लायसन्स दोन्ही हवे.

चाकांवरचे मळणी यंत्र आणि पाण्याचा टँकर यांबद्दल नेहमी विचारले जाते. टँकर हा सरळ ट्रेलर आहे, नोंदणी लागते. मळणी यंत्राच्या बाबतीत प्रत्यक्षात फारशी विचारणा होत नाही, पण "मोटार वाहनाने ओढले जाणारे कोणतेही वाहन" ही ट्रेलरची व्याख्या इतकी रुंद आहे की अपघात झाला तर "हे यंत्र आहे, वाहन नाही" या म्हणण्यावर विसंबू नये. रात्री ते रस्त्याने नेऊ नये, एवढे तरी पाळावे.

आता जुगाड. मोटारसायकलचे मागचे चाक काढून कोळपे बसवायचे, रिक्षाच्या इंजिनावर छोटा ट्रॅक्टर बांधायचा, असे प्रयोग आपल्याकडे पुष्कळ होतात. गुजरातच्या अमरेली जिल्ह्यातले मनसुखभाई जगानी यांनी बुलेटला मशागतीची अवजारे जोडून बनवलेले "बुलेट सांती" देशभर गाजले. शेतात असे यंत्र चालवण्याचे कौतुकच आहे. पण कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल करता येत नाही, आणि बदललेल्या मोटारसायकलची जुनी आरसी त्या नव्या यंत्राला लागू पडत नाही. उत्तरेत पंपाचे इंजिन लावून प्रवासी वाहणाऱ्या "जुगाड" गाड्यांबाबत सर्वोच्च न्यायालयाने मे २०१३ मध्ये ठरवले की तेही मोटार वाहनच आहे, नोंदणी व विम्याशिवाय रस्त्यावर आणता येणार नाही. मान्य नमुन्याचा नसल्याने जुगाडाची नोंदणी होत नाही, आणि नोंदणी होत नाही म्हणून तो रस्त्यावर येऊ शकत नाही. त्याची जागा बांधाच्या आत.

जेसीबी, पोकलेन, हार्वेस्टर

शेततळे, नाला खोलीकरण, धरणातला गाळ शेतात पसरणे यांसाठी ही यंत्रे भाड्याने येतात. रबरी टायरचा जेसीबी "बांधकाम उपकरण वाहन" म्हणून नोंदवावा लागतो. लोखंडी साखळीवरचे पोकलेन रस्त्यावर स्वतःच्या बळावर चालण्यासाठी बनलेले नाही, म्हणून ते लो-बेड ट्रेलरवरूनच यायला हवे. गावाच्या नव्या रस्त्यावरून साखळी फिरवली तर ग्रामपंचायतीशी भांडणही होते. गहू-मक्याच्या हंगामात पंजाबातून येणाऱ्या कम्बाइन हार्वेस्टरला नोंदणी असते. तुम्ही फक्त भाडेकरू असलात तरी काम देण्यापूर्वी आरसी आणि विम्याची प्रत मोबाइलवर घेऊन ठेवा.

ई-सायकल आणि बॅटरीची वाहने

शेतावर राखणीला, दूध घालायला ई-सायकली वाढत आहेत. बॅटरीचे वाहन मोटार वाहन न समजण्यासाठी केंद्रीय नियमांत अटी आहेत: मोटरची ३० मिनिटांची शक्ती ०.२५ किलोवॉट म्हणजे २५० वॉटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किमीपेक्षा कमी, आणि मान्यताप्राप्त चाचणी संस्थेचे तसे प्रमाणपत्र. प्रमाणपत्राची अट विक्रेते सांगत नाहीत. "नंबर नको, लायसन्स नको" अशी पाटी असेल तर प्रमाणपत्राची प्रत मागा. वेग वाढवण्यासाठी मेकॅनिककडून वायर बदलून घेतली की सूट त्याच क्षणी संपते.

तीनचाकी ई-कार्ट मात्र मोटार वाहन आहे. बॅटरीवरच्या वाहतूक वाहनांना २०१८ पासून परमिटमधून सूट आहे, आणि २०२१ पासून आरसीच्या शुल्कातूनही. नोंदणी करावीच लागते, फक्त तिचे शुल्क नाही. असाच घोटाळा छोट्या हत्तीच्या बाबतीत होतो. एकूण वजन ३,००० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही, पण ती वाहतुकीच्या वर्गातच नोंदवावी लागते आणि फिटनेसही लागते.

घेताना आणि विकताना

नवी ट्रॉली घेत असाल तर इसार देण्याआधी बनवणाऱ्याकडे दोन गोष्टी मागा: नमुना मान्यतेचे प्रमाणपत्र आणि नमुना २२, म्हणजे वाहन रस्त्यायोग्य असल्याचा दाखला. नमुना २१ हे विक्री प्रमाणपत्र आणि नमुना २० हा नोंदणीचा अर्ज. पहिल्या दोन गोष्टी नसतील तर चार-पाच हजार कमी किमतीच्या मोहात पडू नये, कारण अशी ट्रॉली नंतर नोंदवणे जवळजवळ अशक्य होते. ट्रॅक्टर आणि कृषी यंत्रांची चाचणी करणारी मान्यताप्राप्त केंद्रीय संस्था सातपुड्यापलीकडे मध्य प्रदेशात बुदनीला आहे. अपरिचित कंपनीचा मिनी ट्रॅक्टर घेताना त्याला अशा संस्थेचे प्रमाणपत्र आहे का ते पाहावे.

दारात आधीच बिनक्रमांकाची ट्रॉली असेल तर जळगाव (एमएच १९), धुळे (एमएच १८) किंवा चाळीसगाव (एमएच ५२) यांपैकी आपल्या कार्यालयात बिल घेऊन जा आणि नोंदणी होऊ शकते का ते विचारा. होत नसेल तर ती शेतातल्या शेतात शेणखत टाकण्यापुरती ठेवा. तेवढ्यालाही कलम ३९ चा मुद्दा उरतोच, पण धोका रस्त्यावरच्या धोक्याच्या जवळपासही नाही.

जुना ट्रॅक्टर विकताना नुसत्या स्टॅम्प पेपरवर थांबू नये. विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते. २०१८ च्या निकालाप्रमाणे अपघाताच्या वेळी आरसीवर ज्याचे नाव, तोच मालक. तीन हात बदललेल्या ट्रॅक्टरचा दावा पहिल्या मालकाच्या दारात येतो.

बऱ्हाणपूर, सेंधवा, खरगोनकडून स्वस्तात ट्रॅक्टर आणण्याची रीत रावेर आणि शिरपूर तालुक्यांत जुनी आहे. आणा, पण तिथल्या कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र (नमुना २८) घेऊनच. परराज्यातले वाहन १२ महिन्यांपेक्षा जास्त इथे राहणार असेल तर महाराष्ट्राचा क्रमांक घ्यावा लागतो. ट्रॅक्टर चोरीचा असला तर ना-हरकत प्रमाणपत्र मागताच विकणारा गायब होतो, हा त्याचा दुसरा फायदा.

१ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदवलेल्या वाहनांना उच्च सुरक्षा नंबर प्लेट म्हणजे एचएसआरपी बसवायची आहे, त्यातून ट्रॅक्टर सुटलेला नाही. राज्यात दुचाकी आणि ट्रॅक्टरसाठी दर ४५० रुपये अधिक जीएसटी असा ठरला आहे. नोंदणी अधिकृत संकेतस्थळावरूनच करावी. प्लेट बसवून देतो म्हणून गावात फिरणाऱ्याला पैसे देऊ नयेत.